पाळीवरचा साहेब

2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा त्या मुलुखाची राजधानी आपलं नागपूर होती. दुर्गजवळ 10 लाख टनांचा हा कारखाना उभारायचा, पण त्यासाठी फोरमन आणायचे कुठून? जमशेदपूर, बर्नपूर सोडलं तर ही विद्या फारशी कुठे नव्हतीच. फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, ती रशियन तज्ज्ञांच्या हाताखाली शिकलेल्या लोकांच्या भरवशावर. त्या काळी ज्याला काम स्वतःच्या हाताने येतं, तो चांगला फोरमन. एवढं पुरायचं.

1988 पर्यंत कारखान्याची क्षमता 40 लाख टनांवर गेली. छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळी, बिहारी, मराठी असे सगळे एका पाळीत. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी इथल्या कोक ओव्हनचा, म्हणजे कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्यांचा, वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या लेखनानुसार, तापलेल्या भट्ट्यांच्या रांगेवर कोण किती वेळ उभं राहणार, हे कामगारांच्या टोळ्या बऱ्याच अंशी आपसांत ठरवत. तिथे नाक न खुपसणं हाही साहेबाचा गुणच!

पण साहेबाची खरी परीक्षा गॅसपुढे. फर्नेसच्या गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. 12 जून 2014 रोजी भिलाईत पंप हाउस बिघडलं, पाण्याचा दाब घटला आणि गॅस उलटा पाण्याच्या लाइनमध्ये शिरला. सहा जण गेले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. म्हणजे वरिष्ठ मंडळी जागेवर हजर होती. हजर राहणारा साहेब हवाच, पण गॅसपुढे त्याने भागत नाही. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हनच्या गॅस लाइनवर तर ठरवून घेतलेली दुरुस्ती चालू होती. आग लागली, मृतांत अग्निशमन दलाचेही लोक होते.

माझ्या मते, चालू काम थांबवण्याची छाती हा सुपरवायझरचा पहिला गुण, आणि तोच सर्वांत दुर्मिळ. पाळीत किती टन निघाले ते रजिस्टरमध्ये चढतं. टळलेल्या अपघाताला तिथे रकाना नसतो.

त्यात आता कायम कामगार कमी, ठेक्यावरचे जास्त. एके काळी इथल्या कोक ओव्हनमध्ये नोकरी केलेले कामगार नेते शंकर गुहा नियोगी दल्ली-राजहराच्या लोहखनिजाच्या खाणींतल्या अशाच मजुरांसाठी लढले. 1991 मध्ये भिलाईत त्यांचा खून झाला. ठेक्यावरच्या माणसाची उद्याची हजेरी ठेकेदाराच्या हातात, त्यामुळे गॅसने डोकं जड झालं तरी तो बोलत नाही. साहेबालाच ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं.