वर्ध्याची मोजणी

महाराष्ट्रातल्या मागास जिल्ह्यांची नावं कुणालाही विचारा. वर्धा पहिल्या दमात तोंडी येत नाही. श्रीमंत जिल्ह्यांच्या यादीत तर तो नाहीच नाही. केंद्र सरकारनं २०१८ साली ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले तेव्हा राज्यातून नंदुरबार, वाशीम, उस्मानाबाद आणि गडचिरोली यांची वर्णी लागली. वर्धा त्यात नव्हता. आठ तालुके, सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर क्षेत्र आणि २०११च्या जनगणनेनुसार १३ लाख माणसं. साक्षरता ८७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्याच्या ८२ टक्क्यांच्या चांगली वर. एवढं वाचलं की जिल्हा बरा चाललाय असंच वाटेल. पण २००६ साली शेतकरी आत्महत्यांवर उपाय म्हणून पंतप्रधानांचं विशेष पॅकेज आलं, तेव्हा विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम यांच्या जोडीला वर्धाही होता.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मोजायला काय घेतलं आणि किती मोठा तुकडा घेऊन मोजलं, यावर जिल्ह्याचं चित्र ठरतं, आणि चित्रावरून पैसा ठरतो. प्रादेशिक अर्थशास्त्र नावाची ज्ञानशाखा या प्रश्नाभोवतीच फिरते. अमेरिकेत वॉल्टर इझार्ड यांनी १९५४ साली या विषयाच्या अभ्यासकांची संघटना उभी केली. अर्थतज्ज्ञांचा बाजार जणू एका टिंबावर भरतो, त्यात अंतर नाही, रस्ता नाही, नदी नाही, अशी त्यांची तक्रार होती. वर्ध्याला ही तक्रार समजावून सांगायची गरज नाही. इथली सगळी अर्थव्यवस्था अंतर, रस्ता आणि नदी यांनीच घडवलेली आहे.

नदीपासूनच सुरुवात करू. वर्धा नदी ही इंग्रजी अमदानीत दोन कारभारांची हद्द होती. पश्चिमेला वऱ्हाड, तिथे रयतवारी. सारा थेट कास्तकाराकडून. पूर्वेला मध्य प्रांत, तिथे मालगुजारी. गावाचा सारा मालगुजारानं गोळा करून भरायचा. माती तीच, पाऊस तोच, कापूस तोच, पण वावरावरचा हक्क अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा. ही मालगुजारी १९५१ साली संपली. वर्धा जिल्हाच मुळी १८६२ साली नागपूरमधून तोडून काढलेला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि ‘हिंगणघाट’ हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात एका जातीच्या रुईचं नाव म्हणून चालत होतं. जिल्ह्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ साली ते पालकवाडी या खेड्याच्या जागी हललं आणि त्याचं वर्धा शहर झालं. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. म्हणजे शहर वसलं तेच रुळांच्या हिशेबानं.

त्या हिंगणघाट रुईचं, म्हणजे ‘बनी’ कापसाचं, पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. बनीचा धागा लांब आणि तलम, पण उतारा कमी. जॉन हेन्री रिव्हेट-कार्नाक नावाचे खास कापूस आयुक्त नेमून सरकारनं तिचं बियाणं शुद्ध राखायची खटपट केली. पण बाजाराचा कल जाड्याभरड्या, भरपूर पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या जातींकडे होता. कास्तकारानं हिशेब केला आणि बनी मागे पडली. प्रदेशाची खासियत सरकारी हुकमानं टिकत नाही, हा धडा वर्ध्यानं दीडशे वर्षांपूर्वीच दिला होता. पुढे तो कुणी फारसा गिरवला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता आजच्या हिंगणघाटच्या बाजार समितीत दिवाळीनंतर जाऊन पाहा. कापसाच्या गाड्यांची रांग, लिलाव, काटा, मग जिनिंगमध्ये गाडी रिकामी, मग चुकारा. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि बाकीची जवळजवळ सगळी सरकी. सरकीचं तेल निघतं, ढेप जनावरापुढे जाते. रुईची १७० किलोची गठाण बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ साली उद्योग कुठे वसतात याचा सिद्धान्त मांडला, त्याला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही. प्रक्रियेत ज्या मालाचं वजन घटतं त्याचा कारखाना मालाच्या उगमापाशी वसतो, कारण वाया जाणारं वजन वाहून न्यायला कुणी तयार नसतं. म्हणून जिनिंग हिंगणघाट, सेलू, देवळी, आर्वी सोडून गेलं नाही. पण रुईचं सूत होताना वजन फारसं घटत नाही. गठाण कुठेही जाऊ शकते, आणि गेलीच. हिंगणघाट आणि पुलगावात एकोणिसाव्या शतकात गिरण्या निघाल्या, पुलगावची बंद पडली, हिंगणघाटला काही सूतकाम अजून आहे. तरी कापूस इथला, कापड दुसरीकडचं आणि शर्ट तिसरीकडचा, ही वर्ध्याची रोजची कहाणी. यात कुणाचा कट नाही. वजनाचं आणि भाड्याचं गणितच तसं आहे. पण त्या गणिताला उत्तर म्हणून धोरण लागतं, आणि ते कुणी ठरवायचं हा खरा वाद.

या वादात पहिली मोठी मोजणी वर्ध्याच्याच मगनवाडीतून झाली. काँग्रेसच्या ठरावानुसार १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तो जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा. तंजावरचा माणूस, लंडनला हिशेबतपासनीस झालेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिगमन यांच्या हाताखाली सार्वजनिक वित्त शिकलेला. गुजरातेत मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून आधीच केली होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारनं औद्योगिक पाहणीसाठी समिती नेमली तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि १९३९ साली अहवाल आला. या समितीनं सहाशेच्या आसपास गावं पाहिली. इझार्ड यांची संघटना जन्मण्याआधी पंधरा वर्षं.

कुमारप्पांची पद्धत हिशेबतपासनिसाची होती. गाव म्हणजे एक खातं. गावातून काय बाहेर जातं, आत काय येतं, शिल्लक कुणाकडे राहते. गावातलं तेलबी मोठ्या गिरणीत गेलं तर तेल परत येतं, पण पेंड आणि तेल्याची मजुरी परत येत नाही. म्हणून मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली घाणी तयार केली. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ही तिथलाच, रॉकेल गावाबाहेरून येतं, तेल गावात निघतं, एवढं साधं कारण. याला भावनिक स्वदेशी म्हणून हसणारे तेव्हाही होते. माझ्या मते हे हसणं उथळ होतं. प्रदेशातून गळणारा पैसा कुठे गळतो ते शोधणं हे आजच्या प्रादेशिक अर्थशास्त्राचं रोजचं काम आहे. कुमारप्पांनी ते आदान-प्रदानाची कोष्टकं हाताशी नसताना केलं. त्यांची अडचण दुसरीकडे होती. त्यांचं एकक गाव होतं, आणि हिंगणघाटसारखं बाजाराचं गाव, जिथे शंभर गावांचा माल येतो, त्या एककात नीट बसत नव्हतं. वर्ध्याच्याच सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४४ साली ‘गांधी योजना’ लिहिली, पण दिल्लीत त्याच वर्षीच्या मुंबईच्या उद्योगपतींच्या योजनेचा बोलबाला जास्त झाला.

पुढची मोजणी पुण्याहून झाली. विदर्भ १९५३च्या नागपूर करारातली आश्वासनं घेऊन आधी द्विभाषिक राज्यात आणि मग १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६लाच झाली होती. तरीही मागे पडलो ही भावना वाढत गेली. भावनेचा आकडा काढण्यासाठी १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन विकास आणि पशुवैद्यक सेवा अशी क्षेत्रं घेऊन दांडेकरांनी एक युक्ती केली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जिल्हा त्या सरासरीच्या जेवढा खाली, तेवढी भौतिक तूट. ती भरून काढायला लागणारा खर्च म्हणजे अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्यांचं जास्तीचं कुणाच्या तुटीतून वजा करायचं नाही. १९८४च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटींचा निघाला. त्यात विदर्भाचे १,२४६ कोटी, मराठवाड्याचे ७५० कोटी, आणि उर्वरित महाराष्ट्राचे १,१८९ कोटी.

शेवटचा आकडा नागपुरात अनेकांच्या घशाखाली उतरला नाही. पुणे, सांगली, कोल्हापूर ज्या भागात, त्याचाही अनुशेष विदर्भाच्या जवळपास कसा? कारण दांडेकरांचं एकक जिल्हा होतं. रत्नागिरीच्या तुटीला कोल्हापूरच्या उसाचा आधार मिळत नव्हता. तर्कात खोट नव्हती, पण राजकारण विभागांचं होतं आणि गणित जिल्ह्यांचं. सगळ्यात मोठा वाटा सिंचनाचा निघाला, तिथेच वर्ध्यासारख्या कोरडवाहू कापूस जिल्ह्याची खरी तूट होती. गंमत अशी, की सरासरी थांबून राहत नाही. १९९४ साली विकास मंडळं झाली, नंतर निर्देशांक आणि अनुशेष समितीनं नव्यानं आकडे काढले, तोवर इतर जिल्हे पुढे गेले होते. एकदा काढलेला अनुशेष भरून निघाला, असं कागदावर म्हणता येतं. वावरात पाणी पोचलंय का, हा प्रश्न तिथल्या तिथे राहतो.

या प्रश्नाचं रूप २००५-०६च्या सुमारास अगदी उघडं पडलं. वर्धा जिल्ह्यातल्या डोरली या गावानं ‘गाव विकणे आहे’ असं जाहीर केलं. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी वर्धा, वाशीम आणि यवतमाळमध्ये आत्महत्या झालेली १११ कुटुंबं आणि न झालेली १०६ कुटुंबं शेजारी शेजारी ठेवून अभ्यास केला. इथे एकक घर होतं. जिल्ह्याच्या सरासरीत न दिसणारं कर्ज, मुलीच्या लग्नाचा खर्च, पडलेलं पीक, घसरलेली पत, हे सगळं घराच्या उंबरठ्याआड सापडलं. पण १ जुलै २००६ रोजी जाहीर झालेलं ३,७५० कोटींचं पॅकेज पुन्हा जिल्ह्याच्या मापाचं होतं. त्याच दौऱ्यात पंतप्रधान वर्ध्याजवळच्या वायफडला गेले होते. पॅकेजात व्याजमाफी होती, सिंचन प्रकल्पांना पैसा होता, आणि निम्म्या किमतीत दुधाळ जनावरंही होती. ज्या घरात कडबा नाही त्या घरात संकरित गाय आली, तिला रोज खुराक लागतो, आणि डेअरी दूर. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गुरांचा मूळ प्रदेश. हेटीकुंडीला या जातीचं शासकीय पैदास केंद्र आहे. कडक उन्हात टिकणारी, ओढकामाला चिवट असलेली ही जात आपल्याच जिल्ह्यात आहे, हे योजना आखणाऱ्या टेबलावर कुणाला आठवलं नसावं.

समतोल प्रादेशिक विकासासाठी नेमलेल्या विजय केळकर समितीनं २०१३च्या अहवालात एकक आणखी खाली आणलं; जिल्ह्याऐवजी तालुका. वर्ध्यासाठी हे महत्त्वाचं होतं. उत्तरेकडचे आर्वी, आष्टी, कारंजा हे चढउताराचे, जंगलाला लागून असलेले तालुके आणि दक्षिणेकडची हिंगणघाट-समुद्रपूरची काळी माती यांची सरासरी काढली की जो जिल्हा तयार होतो तो जमिनीवर कुठेच नसतो. अहवाल २०१४च्या हिवाळी अधिवेशनात मांडला गेला, त्यावर भाषणं झाली, आणि मग तो मागे पडला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, ती वेळेवर वाढली नाही. नेमकी ती वेळ टाळेबंदीची, म्हणून आरडाओरडही फारशी झाली नाही.

दरम्यान मोजमापाचं एकक पुन्हा बदललं आहे. आता ते मार्गिकेचं आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरून सेलडोह, येळाकेळी आणि विरूळ इथे जिल्ह्यात उतरता येतं. सिंदी रेल्वेजवळ मालवाहतुकीचं मोठं केंद्र उभं राहतंय. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गावर २०२४च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत गाडी धावली. शक्तिपीठ महामार्गाची आखणीही पवनारपासून सुरू होते. स्वीडनचे गुन्नार मिर्दाल यांनी १९५७ साली सांगून ठेवलंय, की जवळचं बलवान शहर आजूबाजूला थोडं पसरवतं, पण ओढून घेतं जास्त. वर्ध्याहून नागपूर पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. रस्ता चांगला झाला की कापूस लवकर पोचेल, तसा बारावी झालेला मुलगाही लवकर पोचेल. दोहोंपैकी काय परत येतं, ते मोजणारी समिती अजून कुणी नेमलेली नाही.

या सगळ्या एककांच्या गर्दीत एक लहानसं एकक वर्ध्याच्या पदरात २०१६ साली पडलं. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. इथे हद्द तालुक्याची नाही, जिल्ह्याचीही नाही. ज्या गावांच्या मातीत ही हळद कुरकुमिननं गच्च होते त्या गावांची आहे. ओल्या कंदाला शिजवून, वाळवून, घासून घेतलं की त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढीच सुकी हळद हाती लागते, त्यामुळे शिजवायची कढई वायगावातच राहते. दळण कुठे होतं आणि पुडीवर कुणाचं नाव छापलं जातं, हे मात्र अजून कढईजवळ बसणाऱ्यांच्या हातात पुरतं आलेलं नाही, आणि गावातल्या उत्पादक गटांचा सध्याचा झगडा त्यासाठीच आहे.