साखरेचे रॉकेट आणि एक रविवार



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. गाळप नुकतेच सुरू झालेले, गट ऑफिसात तोडीच्या तारखांवरून नेहमीची वादावादी चाललेली. तेवढ्यात एक सभासद नववीतल्या मुलाचा दंड धरून आत आले. "साहेब, बांधाकडचा चार गुंठे ऊस जळाला. टोळी आजच्या आज द्या. आणि कशानं जळाला ते ह्यालाच विचारा!" पोरगा मान खाली घालून उभा. भुवया करपलेल्या, हाताला फडके बांधलेले. मोबाईलवर बघून त्याने गोठ्यामागे साखरेचे रॉकेट केले होते. ते वर जायचे सोडून आडवे पळाले आणि पाचटात शिरले.

टोळी पाठवली. जळालेला ऊस उभा राहिला की वजनही जाते आणि उताराही जातो, हे आम्ही आपणास सांगायला नको. पण निघताना पोराने हळूच विचारले, "साहेब, पण साखरेनं रॉकेट उडतं हे खरंय ना?" बापाने कपाळाला हात लावला. आम्हाला मात्र खोटे बोलवेना.

खरे आहे. साखरेला नुसती काडी लावली तर ती वितळते, काळी पडते, नीट पेटत नाही. आपल्या बॉयलरमध्ये बगॅसला जसा पंख्याचा वारा लागतो, तसा साखरेलाही प्राणवायू लागतो. तो पुरवणारा सोरा तिच्यात असला की बाहेरच्या वाऱ्याची गरज उरत नाही. आतल्या आत भडका उठतो, तापलेला वायू मागच्या भोकातून जोराने सुटतो आणि नळी पुढे ढकलली जाते. कृती आम्ही इथे देणार नाही आणि कोणी विचारायलाही येऊ नये. हा जिन्नस चुलीवरच पेट घेऊ शकतो. शिवाय परवान्याशिवाय स्फोटक तयार करणे हा १८८४ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. साखर म्हणजे गरीब वस्तू, असा समज आपल्या गोदामातल्या माणसांनीही करून घेऊ नये. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी नुसत्या साखरेच्या धुळीचा स्फोट झाला. त्यात १४ कामगार गेले.

आम्ही पडलो शेतकी पदविकेचे माणूस. रॉकेट आम्हाला ठाऊक ते देवळालीच्या माळावर तोफखान्याच्या सरावात उडणारे पिनाक, तेही लांबून. पण त्या पोराच्या निमित्ताने थोडे वाचले. असली पोरे आपल्याच गावात निपजतात असे नाही, हे तेव्हा कळले.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कोलवुड नावाचे कोळसा खाणीचे गाव होते. आपल्या कारखान्याच्या वसाहतीसारखे, सगळे कंपनीचे. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला, तेव्हा खाणीच्या अधिकाऱ्याचा मुलगा होमर हिकम याने मित्रांना घेऊन रॉकेट करायचे मनावर घेतले. पहिल्या प्रयोगात आईच्या गुलाबाच्या बागेचे कुंपण उडाले! पुढे या मुलांनी सोरा-साखरेचीही रॉकेटे केली. वडील नाराज होते. पण मुलांना खाणीच्या टाकाऊ मातीचा, वस्तीपासून लांबचा माळ मिळाला, आणि कंपनीच्या वर्कशॉपमधल्या कारागिरांनी त्यांना नळ्या व तोंडे कातून दिली. उड्डाण असले की गाव बघायला लोटे. १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात या मुलांनी पदक मिळवले आणि हिकम पुढे नासात इंजिनियर झाला. त्याची हकीगत १९९८ साली पुस्तकरूपाने आली, दुसऱ्या वर्षी तिच्यावर चित्रपटही निघाला.

पण सगळ्याच पोरांना असा माळ आणि असे कारागीर मिळाले नाहीत. त्या काळात तिकडे घरोघर नळ्यांत दारू ठासताना मुले जायबंदी होत होती. हॅरी स्टाइन नावाचा रॉकेट केंद्रावरचा माणूस १९५७ साली एका मासिकात यावर कळकळीने लिहून गेला. ते वाचून नेब्रास्का या मक्याच्या मुलखात बुटांचे दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी त्याला आपले रॉकेट पाठवले. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, आत कारखान्यात भरलेली बदलता येणारी छोटी मोटार, आणि परत येताना छत्री. मुलाने दारूला हात लावायचाच नाही. त्याच वर्षी तिकडची राष्ट्रीय संघटना निघाली.

आज या क्लबांचे मेळावे शनिवार-रविवारी भरतात, पुष्कळदा पीक निघालेल्या शेतात. बापलेक, आजोबा, शिदोऱ्या, सगळे आपल्या जत्रेसारखे. मात्र उडवण्याआधी जबाबदार माणूस प्रत्येक रॉकेट हातात घेऊन पंख व छत्री तपासतो. काडी लावायची नाही, तर वायर टाकून निदान १५ फुटांवरून विजेचे बटण दाबायचे. बटण दाबून उडाले नाही तर किल्ली काढून एक मिनिट थांबायचे. वारा फार असेल तर बंद. खाली वाळलेले गवत ठेवायचे नाही. विजेच्या तारेत अडकले तर ते रॉकेट विसरायचे. आणि घरी शिजवलेली साखरेची मोटार या संघटनेच्या मेळाव्यात चालत नाही. उभ्या मक्यात रॉकेट पडले की शोधता शोधता दिवस मावळतो म्हणतात. उसात पडले तर काय होईल, याची कल्पना आपण करावी!

आपल्या देशातही हे सुरू झाले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात तमकुहीराज येथे विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट स्पर्धा झाली, इस्रोच्या माणसांच्या देखरेखीखाली. हा भाग आपल्या ओळखीचा आहे बरे का. शेजारच्या सेवरहीला ऊस संशोधन केंद्र आहे. को.से. नावाच्या जाती तिथल्याच. म्हणजे रॉकेट उडाले ते उसाच्याच मुलखात. आणि आपल्याकडे वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे होतात, तिथेच इस्रोच्या रॉकेटांची आवरणेही तयार होत आली आहेत.

आता आपल्या रविवारची हकीगत. मार्चमध्ये त्याच सभासदाचा प्लॉट मोकळा होऊन नांगरून पडला होता. शाळेचे विज्ञानाचे सर आणि आम्ही मिळून वीसेक पोरे जमवली. दारू नाही, काडी नाही. थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, उलटी करून सायकलच्या पंपाने हवा भरायची, दोरी लांबून ओढायची. पाणी खाली, बाटली वर. तत्त्व तेच. पंप मारताना बाटलीवर कोणी वाकायचे नाही, हे सांगून सांगून आमचा घसा बसला.

पहिल्या तीन बाटल्यांनी आमच्याच अंगावर पाणी उडवले. चौथी अशी गेली की म्हातारी माणसेसुद्धा उठून उभी राहिली. भुवया करपलेल्या पोराने कोनमापकाला दोरा व खडा बांधून आणला होता. ३० मीटर मोजून तो उभा राहायचा. कोन ४५ आला की उंची ३० मीटर, वर आपल्या डोळ्याची उंची. सगळे वहीत टिपले. एक बाटली शेजारच्या द्राक्षबागेत पडली. बागाईतदार ती हातात घेऊन तणतणत आले खरे, पण नंतर तासभर पंप त्यांनीच मारला. पोराचा बाप बांधावर बसून होता. दिवसभर काही बोलला नाही. संध्याकाळी म्हणाला, "साहेब, वर्कशॉपला सांगून ह्याला तो स्टॅंड लोखंडाचा करून मिळंल का?" आम्ही चीफ इंजिनियर साहेबांच्या कानावर घातले आहे.

पुढचा रविवार तोड संपल्यावर ठरेल. ज्यांचे रान मोकळे असेल, वरून विजेची तार गेली नसेल आणि शेजारी उभा ऊस नसेल, त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावे. मुलांनी रिकाम्या बाटल्या व वही आणावी. काडेपेटी कोणाच्याही खिशात नसावी, मोठ्यांच्याही.