चंद्राच्या पोटात काय आहे, हे कळलं कसं?

आजचा विषय चंद्र, पण सुरुवात आपल्या भागातूनच करावी लागेल.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा जन्मलेलेही नसतील, पण लोहारा-उमरग्याकडं, सास्तूरला तो दिवस अजून घराघरात आहे. त्या भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून आरपार गेल्या आणि दूरदूरच्या देशांतल्या भूकंपमापकांवर नोंदल्या गेल्या. लाट कुठं लवकर पोचली, कुठं वाकली, कुठं गायबच झाली, यावरून जमिनीखालचा नकाशा काढता येतो. 'एस' नावाची लाट तर द्रवातून जातच नाही. ती अडली, की समजायचं मधे काहीतरी वितळलेलं आहे.

चंद्रावर हेच केलं. अपोलो १२, १४, १५ आणि १६ च्या अंतराळवीरांनी तिथं भूकंपमापक ठेवले, ते १९७७ पर्यंत डेटा पाठवत होते. अपोलो १२ चं रिकामं यान मुद्दाम आपटलं, तर चंद्र जवळपास तासभर थरथरत राहिला! वरचं कवच कोरडं आणि तडे गेलेलं, त्यामुळं लाटा लवकर विरत नाहीत.

खरी मजा पुढं आहे. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी हाच जुना डेटा नव्या पद्धतीनं परत तपासला. जुन्या लॉगमधून उत्तर सापडलं की आम्हा कोडवाल्यांना काय वाटतं, ते विचारू नका. उत्तर असं: मधोमध सुमारे २४० किलोमीटर त्रिज्येचा घट्ट लोखंडी गाभा, त्याभोवती ३३० किलोमीटरपर्यंत वितळलेलं लोखंड. चंद्राची त्रिज्या १७३७ किलोमीटर, म्हणजे गाभा एवढासाच. पृथ्वीचा गाभा मात्र तिच्या त्रिज्येच्या निम्म्याहून मोठा.

असं कशामुळं? सर्वांत जास्त मानलं जाणारं उत्तर म्हणजे टक्कर. साधारण ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला. जड लोखंड पृथ्वीतच बसलं, बाहेर उडाला तो मुख्यतः दगड, आणि त्याचा चंद्र झाला. तो तेव्हा वितळलेलाच होता. दुधावर साय धरते तशी हलकी, फिकट खनिजं वर तरंगून गोठली. चंद्राचा उजळ भाग तो हाच.

आणि काळे डाग, म्हणजे आपला ससा? तो नंतर आतून वर आलेला लाव्हा, बेसाल्ट. नळदुर्गचा किल्ला ज्या काळ्या दगडात बांधलाय, त्याच जातीचा. फक्त आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा, तिथला बहुतेक ३०० कोटींहून जुना.

सायीची गोष्ट बरीच वर्षं अपोलो आणि लूना यानांनी आणलेल्या दगडांवर उभी होती, आणि ते सगळे विषुववृत्ताच्या आसपासचे. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरनं दक्षिण ध्रुवाकडच्या भागात २३ वेळा माती तपासली. तिथंही मुख्यतः तीच साय निघाली.