लिफ्ट उचलेना? पंप खोलण्याआधी हे तपासा

काशीद (ता. मुरूड) : पाऊस बसला, राब तयार झाला आणि नेमकी चिखलणीच्या दिवशी जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट रुसली, तर शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. बाहेरगावाहून मेकॅनिक येईपर्यंत दिवस जातो. त्यात आल्या आल्या ‘पंप गेला’ असं ऐकलं की हजारोंचा खर्च. पण दर वेळी पंपच गेलेला असतो असं नाही. घरच्या घरी पायरीपायरीने तपासलं तर दोष कुठे आहे याचा बराचसा अंदाज येतो.

सुरुवात ऑइलपासून करावी. ट्रॅक्टर सपाट जागी लावून, लिफ्ट खाली करून डिपस्टिक बघावी. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. चिखलणीत एक्सलच्या किंवा पीटीओच्या खराब सीलमधून पाणी शिरतं. नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सीलही बदलावं लागतं. ऑइलला फेस येत असेल आणि पंप कण्हत असेल तर जाळी तुंबलेली असते किंवा ओढीच्या बाजूने हवा शिरते.

मग लिव्हर बघावेत. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरमध्ये पंप आतच ऑइलमध्ये असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओचा लिव्हर सुटलेला असेल तर लिफ्ट हलणारच नाही. हॅरी फर्ग्युसनची ही लिफ्ट 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे जगभर पोचली. ट्रॉलीच्या जॅकचा लिव्हर तिकडेच राहिला असेल तरीही लिफ्ट उठत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने कंट्रोल लिव्हरचे सांधे गंजून अडकतात, तेही साफ करून बघावेत.

आता खरी परीक्षा. रोटाव्हेटर उचलून लिव्हर वरच ठेवावा, इंजिन बंद करावं. अवजार भराभर खाली बसलं तर पिस्टनची सील, ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतोय. पंपाचा जोर कमी असल्याने असं होत नाही.

अवजार जागेवर राहतं, पण उचलायलाच जोर नाही, तर पंप, जाळी किंवा रिलीफ व्हॉल्व्हकडे बोट जातं. सकाळी लिफ्ट चांगली आणि तासाभराने ढिली पडते, म्हणजे ऑइल तापून पातळ होतं आणि झिजलेल्या भागातून निसटतं. टिपिंग ट्रॉली असेल तर तिचा जॅक लावून बघावा. भरलेली ट्रॉली तो झटक्यात उचलत असेल तर पंप ठणठणीत आहे, दोष लिफ्टच्या बाजूला आहे.

रिलीफ व्हॉल्व्ह अंदाजाने आवळू नये. जादा दाबाने पंप किंवा सिलिंडर फुटू शकतो. मेकॅनिकला गेज लावूनच दाब मोजायला सांगावं आणि तो कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळवावा. गेज न लावता पंप बदलायला होकार देऊ नये.

उचललेल्या अवजाराखाली कधीही जाऊ नये, खाली भक्कम ठोकळे लावावेत. बारीक गळती हाताने चाचपू नये. दाबाचं ऑइल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून बघावं. तसं काही झालंच तर जखम छोटी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

ही तपासणी वैशाखातच उरकली, तर सील आणायला वेळ मिळतो आणि लावणी खोळंबत नाही.