रामा राघोबा राणे : पराक्रमाच्या अलीकडे-पलीकडे

परमवीर चक्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हार घातलेली तसबीर येते. पहिल्या पाच मानकऱ्यांपैकी तिघांना ते मरणोत्तरच मिळालं. करम सिंग आणि रामा राघोबा राणे हे दोघे मात्र लढाईतून परत आले. राणे तर पुढे शेहेचाळीस वर्षं जगले. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण एप्रिल १९४८ पाशीच थांबतात, आणि तिथेच हा माणूस अर्धा राहून जातो.

जन्म २६ जून १९१८ चा. घराणं कारवारजवळच्या चेंडियाचं, घरची बोली कोकणी. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे सतत बदल्या आणि शाळेची आबाळ. १९३० च्या चळवळीने पोरगा भारावला, तेव्हा वडिलांनी धास्तावून कुटुंब गावी हलवलं. जुलै १९४० मध्ये हाच मुलगा बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला आणि उत्कृष्ट रिक्रूट ठरला. पुढे ब्रह्मदेशाची आघाडी. आराकानच्या माघारीत दारूगोळ्याचा साठा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तो उडवायला मागे थांबलेल्यांत तेही होते.

राणे सॅपर होते, हे विसरून चालणार नाही. पायदळ आणि रणगाडे पुढे सरकायचे तर आधी सॅपरने वाट मोकळी करायची. १९४८ च्या काश्मीर युद्धात नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडं आडवी टाकून बंद केला होता. ८ एप्रिलला काम सुरू होतं न होतं तोच उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान गेले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. तरी ते मागे फिरले नाहीत. चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या मधोमध, ते सरपटत राहिले आणि दोर ओढून चालकाला कधी थांबायचं, कधी चालायचं याच्या खुणा करत राहिले. पुढे पाइनची पाच झाडं आडवी, भोवती सुरुंग, वरून मशीनगनचा मारा. तो अडथळाही त्यांनी उडवला. ११ एप्रिलच्या सकाळी अकराच्या सुमारास वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, आणि लगेच राजौरी हाती आली. जखमी अंगाने, सलग चार दिवस, सुरुंगामागून सुरुंग काढणं! क्षणाच्या आवेशात होणारं हे काम नव्हे. त्याला कारागिराचा संयम लागतो, आणि मला राणे यांचं मोठेपण तिथेच दिसतं.

१९५० मध्ये सन्मान जाहीर झाला. १९५५ साली कारवारकडे रजेवर आले असताना लग्न झालं, संसार मांडला. सदतिशीला आलेला माणूस तो. ब्रह्मदेश आणि काश्मीर पाहून झाल्यावर घर, मुलंबाळं, बदल्यांची बिऱ्हाडं हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो. १९६८ मध्ये मेजर म्हणून ते निवृत्त झाले, नंतर १९७१ पर्यंत पुन्हा लष्कराच्याच कामात राहिले.

११ जुलै १९९४ रोजी पुण्यात लष्कराच्या कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचं निधन झालं. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ पासून अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव आहे. पुण्याच्या खडकीतच बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. तरी या शहरातल्या किती शाळकरी मुलांना राणे ठाऊक असतील? त्यांना ते सांगायला हवेत, सुरुंग काढणारे आणि घर सांभाळणारे, दोन्ही राणे.