पिसें आधीं कीं पक्षी ?

पीस म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर पक्षी उभा राहतो. ही सांगड इतकी घट्ट आहे कीं, जमिनीवर धांवणाऱ्या एखाद्या डायनोसॉरच्या अंगावर पिसें होतीं असें कोणीं सांगितल्यास ती कविकल्पनाच वाटावी. परंतु ती कल्पना नव्हे. ती खरी कशी ठरली, आणि त्या निर्णयांत हाडांच्या बरोबरीनें राखेची साक्ष कां घ्यावी लागली, तें आज थोडक्यांत पाहूं.

१८६१ सालीं जर्मनींतील बव्हेरियांत, सोल्नहोफेनच्या चुनखडीच्या थरांत, 'आर्किऑप्टेरिक्स' या प्राण्याचे शिळारूप अवशेष मिळाले. या प्राण्याला दांत होते, शेपूट सरड्यासारखें हाडांचें होतें. पंखांवर मात्र पक्ष्यासारखीं पिसें होतीं. त्याच थरांतील अमोनाइट नामक प्राण्यांच्या शंखांवरून त्याचा काळ सुमारें १५ कोटी वर्षांपूर्वींचा ठरतो. आपल्या देवघरांतील शाळिग्राम हे याच वर्गांतील प्राण्यांचे अवशेष होत.

पुढें १९९६ सालीं चीनच्या लिआओनिंग प्रांतांतील 'सायनोसॉरोप्टेरिक्स' प्रसिद्धीस आला. हा निःसंशय डायनोसॉर. लांबी सुमारें एक मीटर. उडण्याचें सामर्थ्य नाहीं. परंतु पाठीपासून शेपटीपर्यंत केसांसारख्या तंतूंची झालर! ही पिसाचीच प्राथमिक अवस्था असावी, असा तर्क साहजिकच निघाला. मात्र हे थर किती जुने, याविषयीं मतभेद होता. कांहींच्या मतें ते आर्किऑप्टेरिक्सच्या काळाजवळचे होते, तर कांहींच्या मतें बरेच अलीकडचे.

हा वाद राखेनें मिटविला. त्या प्रदेशांत ज्वालामुखी जागृत होते, आणि त्यांची राख तेथील सरोवरांच्या गाळांत थरांथरांनीं बसली होती. राखेंतील कांहीं स्फटिकांत पोटॅशियम असतें. त्याचा अत्यल्प अंश किरणोत्सर्गी असून ठराविक गतीनें क्षय पावतो, आणि त्यांतून आर्गॉन वायु निपजतो. या अंशाचा निम्मा साठा संपण्यास सुमारें १२५ कोटी वर्षें लागतात. तप्त रसांतून हा वायु निसटून जातो. स्फटिक थंड झाला म्हणजे तो आंत कोंडला जाऊं लागतो. जणूं घटिकापात्र रिकामें करून पुन्हां पाण्यावर सोडावें! सांठलेला वायु व उरलेलें पोटॅशियम यांच्या प्रमाणावरून राखेचें वय निघतें, आणि वरच्या व खालच्या राखेवरून मधल्या हाडांचें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा मापनांत सिहेतुन गांवाजवळील थरांचें वय सुमारें १२ कोटी ४६ लक्ष वर्षें आलें.

परंतु यामुळें नवाच पेंच पडला. अपक्व पिसांचा डायनोसॉर पक्व पिसांच्या आर्किऑप्टेरिक्सहून अडीच कोटी वर्षांनीं मागाहूनचा! नातू आधीं जन्मला आणि आजोबा नंतर, हें कसें? डायनोसॉरांपासून पक्षी झाले हें मत न मानणाऱ्यांनीं हा आक्षेप हिरिरीनें मांडला. त्यावर उत्तर असें कीं, सायनोसॉरोप्टेरिक्स हा आजोबा नसून चुलत घराण्यांतला आहे. पणजोबांच्या भावाचा वंशही पुढें नांदूं शकतोच. उत्तर तर्कशुद्ध होतें. पण तर्काला जुन्या थरांचा पुरावा हवा होता.

तो २००९ सालीं मिळाला. लिआओनिंगमधीलच अधिक जुन्या खडकांत 'अँकिऑर्निस' हा सुमारें कावळ्याएवढा प्राणी सांपडला. त्याच्या हातांवर व पायांवरही लांब पिसें होतीं. ज्या थरांत तो सांपडला, त्यांचें वय झिर्कॉन स्फटिकांतील युरेनियम व त्यापासून झालेलें शिसें यांच्या प्रमाणावरून सुमारें १६ कोटी वर्षें ठरतें. म्हणजे आर्किऑप्टेरिक्सच्या कितीतरी आधीं पिसें अस्तित्वांत होतीं. आक्षेपाचें बळ तेथेंच संपलें.

तथापि सर्वांत जुनें सांपडलेलें पीस म्हणजे पहिलें पीस नव्हे. २०१८ सालीं डायनोसॉरांचे दूरचे भाऊबंद जे टेरोसॉर, त्यांच्या अंगावरील शाखायुक्त तंतूंचें वर्णन प्रसिद्ध झालें. तीं पिसेंच असें मानल्यास पिसांचा उगम सुमारें २५ कोटी वर्षांपर्यंत मागें जातो. कांहीं शास्त्रज्ञांना मात्र हें मान्य नाहीं. एवढें निश्चित कीं, पहिल्या तंतूंनीं कोणी उडूं शकत नव्हतें. ते ऊब राखण्यास किंवा शोभेस उपयोगी पडले असावेत. उड्डाण मागाहून आलें. म्हणून नव्या अवशेषाची वार्ता वाचतांना त्याच्या रूपानें मोहून जाण्यापूर्वीं, त्या थराचें वय कशावरून ठरविलें, हा प्रश्न अवश्य विचारावा.