इंजिनाचं वय तासांत मोजायचं की दिवसांत?

पेट किंवा सेटची तयारी करणारे जवळपास सगळेच विचारतात, की संशोधनाचा विषय कुठून आणायचा. विषय मिळतो हो. खरी अडचण त्यानंतर येते, जेव्हा ठरवावं लागतं की मोजायचं नेमकं काय. आज तेवढ्याच अडचणीवर लिहिते, आणि उदाहरण घेते बोटीच्या इंजिनाचं.

अहमदपूरच्या मुलीनं बोटीवर लिहावं म्हणजे गंमतच. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातल्या हसनाळ आणि रावणगावात रात्रीतून पाणी शिरलं, तेव्हा लोकांना बाहेर काढायला बचाव पथकं आणि लष्कर आलं. म्हणजे आपल्याकडे बोट वर्षानुवर्षं लागत नाही, आणि लागते तेव्हा त्याच रात्री लागते. उदाहरण म्हणून मला ती यासाठीच हवी आहे.

या बोटींच्या मागच्या फळीवर शिकंजा आवळून एक इंजिन बसवतात. वर यंत्र, खाली लांब पाय, त्याच्या टोकाला पंखा. बचाव पथकातले लोक त्याला ओबीएम म्हणतात. काही महिन्यांपूर्वी एका गोदामात असं इंजिन सुरू करून बघताना मी हजर होते. दोरी ओढली, पुन्हा ओढली, ओढणारा माणूस बदलला, तरी ते खोकून बंद पडत होतं. सोबतच्या वहीत नोंद होती: तीन वर्षांत एकूण चौदा तास चाललं. गोदाम सांभाळणारे काका म्हणाले, ‘मॅडम, इंजिन नवंच हाय की, चाललंच कुठं ते?’

काका वहीवरून बोलत होते आणि वही खोटी नव्हती. मात्र वहीतलं घड्याळ चुकीचं होतं. अशा इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत सर्व्हिसिंगबद्दल साधारण असं वाक्य असतं: १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आपण ‘१०० तास’ वाचतो आणि उरलेलं सोडून देतो. रोज मासेमारीला जाणाऱ्या कोकणातल्या होडीचं इंजिन तासांनी म्हातारं होतं. आपल्याकडचं इंजिन उभं राहून म्हातारं होतं. संख्याशास्त्रात याला कालमापनाची निवड म्हणतात. बिघाडाचा आलेख काढताना आडव्या अक्षावर तास घ्यायचे, महिने घ्यायचे की इंजिन किती वेळा सुरू केलं ते घ्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. ते चुकलं की पुढे वायबुल वापरा नाहीतर आणखी काही, सगळं गणित व्यवस्थित येतं आणि उत्तर निरुपयोगी निघतं.

उभ्या इंजिनात असं काय होतं ते जरा तपशिलात बघू, कारण यंत्रणा समजल्याशिवाय अक्ष निवडता येत नाही.

पहिला संशयित पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपला भाग उसाचा असल्यानं ते कुठून येतं हे तुम्हाला सांगायला नको. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. टाकी अर्धी रिकामी असली की दिवसा तापून आतली हवा बाहेर जाते आणि रात्री गार झाल्यावर बाहेरची ओली हवा आत येते. पाणी एका मर्यादेपलीकडे वाढलं की पेट्रोल फाटतं, दूध फाटावं तसं. वर पेट्रोल आणि खाली इथेनॉल-पाण्याचा थर. नळी तळातूनच ओढते, त्यामुळे इंजिनाला तो खालचा थर जातो. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. ते वर पेट्रोलसोबत राहतं, म्हणजे इंजिन चुकून सुरू झालंच तर तेलाविना चालणार. थंडीचा संबंध इथेच येतो. तापमान उतरलं की मिश्रणाची पाणी धरून ठेवायची क्षमता कमी होते. ऑक्टोबरमध्ये एकजीव दिसणारं पेट्रोल जानेवारीच्या पहाटे फाटलेलं सापडू शकतं.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. इथेनॉल जितकं जास्त तितकं पेट्रोल लवकर फाटतं, असं सर्रास बोललं जातं. उलट आहे. २० टक्क्यांचं मिश्रण फाटण्याआधी १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा जास्त पाणी सामावून घेतं. जास्त इथेनॉलचा त्रास वेगळ्या ठिकाणी आहे: बऱ्याच ओबीएमच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात, आणि जुन्या इंजिनातलं रबर व कार्बोरेटर त्याच हिशेबानं बनवलेले असतात. ऐकीव गोष्ट अर्धी खरी असली की ती जास्त फसवते.

दुसरी जागा म्हणजे खालची गिअरची पेटी. पंख्याच्या दांड्यावर जाळ्याचा धागा किंवा तंगूस गुंडाळला गेला की सील कापलं जातं, पाणी आत शिरतं आणि गिअर ऑइल ताकासारखं पांढरं होतं. थंड देशांत हिवाळ्याआधी हे तेल हमखास बदलतात, कारण पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि पेटीला तडा जातो. लडाखमध्ये हे खरंच घडू शकतं. अहमदपुरात पाणी गोठत नाही, म्हणून थंडीचा तो धडा आपल्याला लागू नाही असं वाटेल. पण तेच पाणी इथे बेअरिंग आणि गिअर गंजवतं, फक्त सावकाश. कारण वेगळं, उपाय एकच: ठेवून देण्याआधी तेल काढून बघायचं. इंजिन आडवं टाकायचं नाही, उभंच ठेवायचं, म्हणजे थंड करणाऱ्या नळ्यांतलं पाणी आपोआप निथळतं. कार्बोरेटरमधलं पेट्रोलही संपवून किंवा काढून ठेवायचं, नाहीतर ते सुकून त्याचा चिकटा बारीक छिद्रं बुजवतो. माझ्या मते गोदामातलं ते खोकणं याचंच होतं.

तिसरी गोष्ट इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणारं रबरी चक्र. त्याची पाती पंपात कायम वाकलेली असतात आणि महिनोन्‌महिने तशीच राहिली की तोच आकार धरतात. यावर लोक उपाय करतात तो असा: महिन्यातून एकदा स्टँडवरच इंजिन सुरू करून बघायचं. पाण्याशिवाय! इम्पेलरला वंगण पाण्याचंच असतं. कोरडं फिरलं तर ते थोड्याच वेळात जळतं. टिपाडात पाणी भरून त्यात इंजिनाचा पाय बुडवला आणि मग दोरी ओढली तरच ती चाचणी, नाहीतर ती मोडतोड.

देखभालीनंच बिघाड होतो, हे दुसऱ्या महायुद्धात आकड्यांनी दाखवलं गेलं होतं. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडसाठी काम करणारे जीवशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की विमानांतले बिघाड ठरलेल्या तपासणीच्या लगेच नंतर सर्वांत जास्त होते आणि नंतर कमी होत जात होते. तपासणीच काही बिघाड घालत होती. म्हणून ‘जितकं तपासावं तितकं चांगलं’ हे गृहीतक म्हणून लिहू नका, तो तपासायचा प्रश्न आहे.

आता थोडं गणित. समजा, उभं इंजिन एका महिन्यात निकामी व्हायची शक्यता २ टक्के आहे (आकडा कल्पित आहे). पावसाळापूर्व तयारीत मे अखेरीस पाच इंजिनं तपासली, पाचही सुरू झाली. पूर आला सप्टेंबर अखेरीस. चार महिन्यांनी एकेक इंजिन सुरू न होण्याची शक्यता साधारण ८ टक्के, तर पाचांपैकी किमान एक दगा देण्याची शक्यता जवळपास ३३ टक्के. जुलै अखेरीस पुन्हा एकदा तपासलं तर हीच शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास येते. मराठवाड्यातला मोठा पाऊस अनेकदा ऑगस्ट-सप्टेंबरात येतो हे आपल्याला माहीत असताना, मे महिन्यातल्या एकाच चाचणीवर विसंबणं मला पटत नाही.

पण या गणितात मी एक चोरटं गृहीतक घातलं आहे. सापडलं का? पाचही इंजिनं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं मी धरलं. प्रत्यक्षात पाचही टाक्या एकाच कॅनमधून, एकाच दिवशी भरलेल्या असतात. पेट्रोल फाटलं तर पाचांचंही फाटणार. अशा वेळी पाच इंजिनं ही पाच नसतात, एकच असतं. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो, विषय कुठलाही असो.

मग विदा कशी गोळा करायची? फक्त गॅरेजमध्ये जाऊ नका. मेकॅनिककडे बिघडलेलीच इंजिनं येतात. जी निमूटपणे सुरू झाली त्यांचीही नोंद हवी, आणि अजून न बिघडलेल्या इंजिनांना यादीतून वगळायचं नाही. आणखी एक, ‘सुरू झालं / झालं नाही’ एवढंच लिहिलं तर हाती फार थोडं लागतं. त्याऐवजी ‘कितव्या ओढीला सुरू झालं’ ते लिहा. दुसऱ्या ओढीवरून सहाव्यावर आणि सहाव्यावरून अकराव्यावर गेलेलं इंजिन बंद पडण्याच्या आधीच बोलत असतं, आणि इंजिनं मोजकीच असताना ही नोंद फार उपयोगी पडते.

गोदामातल्या त्या वहीत काकांनी आता तासांच्या रकान्याशेजारी चार रकाने आखून घेतलेत: शेवटचं कधी चालवलं, पेट्रोल कधी भरलं, गिअर ऑइलचा रंग कसा होता, कितव्या ओढीला सुरू झालं. तिसऱ्या रकान्यात पहिलीच नोंद ‘ताक’ अशी आहे.